शेकडा कशाचा?



१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील भीमथडी तालुक्यात सुपे या बाजाराच्या गावी शेतकऱ्यांचा जमाव सावकारांच्या पेढ्यांवर चालून गेला. पुढील काही आठवड्यांत हे लोण पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. इतिहासात ‘दख्खनचे दंगे’ म्हणून नोंद झालेल्या या उठावातील एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. जमावाचा रोख सावकाराच्या जिवापेक्षा त्याच्या दप्तरावर अधिक होता. कर्जरोखे, न्यायालयाचे हुकूमनामे, हिशेबाच्या वह्या मागून घेतल्या जात आणि चव्हाट्यावर त्यांची होळी होई. अमेरिकेतील यादवी युद्ध संपल्यानंतर कोसळलेले कापसाचे भाव आणि वाढीव शेतसारा ही त्या असंतोषाची कारणे होतीच. परंतु ज्या कागदावर आपला अंगठा आहे, त्या कागदातील आकडा वर्षानुवर्षे कसा फुगत गेला हे कर्जदाराला उमगत नव्हते, हेही तितकेच खरे. १८७९ साली सरकारला दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा करावा लागला. रोख्यावरील आकडा अंतिम न मानता, त्यामागील मूळ व्यवहार किती, मुद्दल किती आणि व्याज किती हे तपासण्याचा अधिकार या कायद्याने न्यायालयाला दिला.

या घटनेला आता दीडशे वर्षे झाली. अंगठ्याच्या जागी सफाईदार स्वाक्षरी आली, आणि आता तर स्वाक्षरीच्या जागी भ्रमणध्वनीच्या पडद्यावरची एक टिचकी आली. घरोघरी पदवीधर आहेत. तथापि कर्जाच्या कागदावरील ‘टक्के’ या शब्दापुढे तो पदवीधरही बव्हंशी तसाच उभा असतो. टक्केवारी ही शाळेत सातवी-आठवीत शिकून संपलेली गोष्ट आहे, असा त्याचा समज असतो. वस्तुतः तिचा खरा अभ्यासक्रम संसाराला लागल्यावर सुरू होतो.

टक्का म्हणजे शेकडा, शंभरात किती, एवढे सर्वांना ठाऊक आहे. न विचारला जाणारा प्रश्न पुढचा आहे: शंभर कशाचे? आणि किती मुदतीत? हे दोन्ही प्रश्न आपल्या पूर्वजांनी कधी गृहीत धरून सोडले नाहीत. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त शंभर पणांवर दरमहा सव्वा पण हे धर्म्य व्याज सांगितले आहे. व्यापारी कर्जास दरमहा ५, अरण्यमार्गाने जाणाऱ्या व्यापाऱ्यास १० आणि समुद्रमार्गाने जाणाऱ्यास २० पण अशी चढती श्रेणी आहे. वर्षाच्या हिशेबाने पाहिल्यास हे अनुक्रमे १५, ६०, १२० आणि २४० टक्के होतात. जोखीम वाढते तसा दर वाढतो, हे अर्थकारणाचे तत्त्व त्यात आहेच. पण लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की शंभर कशाचे आणि मुदत कोणती, हे तेथे एका दमात सांगितले आहे.

भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास रचलेल्या ‘लीलावती’त व्याजाचे एक सुंदर उदाहरण आहे. शंभरावर एका महिन्यास ५ व्याज होत असेल, तर १६ मुद्दलावर वर्षाचे व्याज किती? त्रैराशिकाचा विस्तार असलेल्या पंचराशिकाने उत्तर येते ९ पूर्णांक ३ पंचमांश. येथेही मुद्दल आणि काळ हे दोन्ही घटक हिशेबात आल्यावाचून गणित पुरे होत नाही. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापन केला, त्याचा शिलालेख चाळीसगावजवळील पाटण येथे आहे. म्हणजे व्याजाचे गणित शिकविणे ही या भूमीत मठस्थापनेच्या योग्यतेची विद्या होती! शाळेच्या वहीतील ‘द. सा. द. शे.’ ही अक्षरे याच शिस्तीची आठवण आहेत. दर साल, दर शेकडा. यातील ‘दर साल’ गळले की फसवणुकीचे दार उघडते.

‘शेकडा पाच रुपये’ हे वाक्य गावोगावी आजही ऐकू येते. ऐकताना बँकेच्या ९-१० टक्क्यांपेक्षा ते सौम्य वाटते. पण ते महिन्याचे असते, म्हणजे वर्षाला ६० टक्के. व्याज थकून त्यावर व्याज चढू लागले तर १५ महिन्यांच्या आतच कर्ज दुप्पट होते. मंडईतील हातगाडीवाल्याचा व्यवहार याहून विलक्षण. सकाळी ९०० रुपये हाती घ्यायचे आणि सायंकाळी १००० परत करायचे. शंभर रुपयांचा प्रश्न आहे, असे त्याला वाटते. पण ९०० वर १०० म्हणजे एका दिवसास ११ टक्क्यांहून अधिक. वर्षात ३०० दिवस त्याने असा व्यवहार केला, तर ३०,००० रुपये व्याजापोटी जातात. वापरायला मिळालेले मुद्दल मात्र ९०० रुपयेच. मुद्दलाच्या तेहतीस पट व्याज! व्याज मुद्दलाहून अधिक वसूल करता येऊ नये, असा दामदुपटीचा दंडक हिंदू विधिपरंपरेत होता. तो ज्या कारणासाठी होता ते कारण अद्याप नाहीसे झालेले नाही.

शहरातील सुशिक्षित घरात हेच गणित क्रेडिट कार्डाच्या रूपाने येते. थकबाकीवर दरमहा साडेतीन टक्के हा दर अनेक कार्डांवर आढळतो. जुन्या पिढीला पावकी, निमकी, सवायकी, दिडकीबरोबर साडेतीनची औटकी पाठ असे. त्या औटकीची बारावी पायरी ४२. म्हणजे सरळ व्याजानेच वर्षाला ४२ टक्के, आणि महिन्यागणिक व्याजावर व्याज धरले तर ५१ टक्क्यांच्या वर. ‘किमान देय रक्कम’ भरून निश्चिंत होणाऱ्या नोकरदाराला हा दर कोणी तोंडावर सांगितला, तर तो ते कर्ज घेणार नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली ३० टक्क्यांवरील कार्डव्याज ही अनुचित व्यापारप्रथा ठरविली होती. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्णय रद्दबातल केला. तेव्हा या बाबतीत ग्राहकाचे संरक्षण बरेचसे त्याच्या स्वतःच्या औटकीवरच अवलंबून आहे.

आता ज्या ठिकाणी मध्यमवर्गीय कुटुंबाचा पैसा सर्वाधिक निसटतो, त्या सपाट दराकडे वळू. व्यवहारात त्याला ‘फ्लॅट रेट’ म्हणतात. दुचाकी, जुनी मोटार, घरगुती उपकरणे यांच्या कर्जात विक्रेता सांगतो, ‘फक्त १० टक्के.’ समजा, १ लाख रुपये तीन वर्षांसाठी घेतले. दर साल १० हजार याप्रमाणे ३० हजार व्याज, एकूण १ लाख ३० हजार, ३६ हप्ते, प्रत्येक हप्ता सुमारे ३,६११ रुपयांचा. हिशेब वरवर निर्दोष दिसतो. पण कर्जदाराने पहिल्याच महिन्यापासून मुद्दल फेडायला आरंभ केलेला असतो. दीड वर्षानंतर त्याच्याकडे लाख रुपये राहिलेलेच नसतात. शेवटच्या वर्षी तर मुद्दलाचा जेमतेम तिसरा हिस्सा शिल्लक असतो. व्याज मात्र अखेरपर्यंत पूर्ण लाखावर आकारले जाते. जे पैसे परत दिले, त्यांचेही भाडे भरीत राहायचे, असा हा प्रकार.

घटत्या शिलकेवर खरोखर १० टक्के दर असता तर हप्ता सुमारे ३,२२७ रुपये झाला असता आणि तीन वर्षांत एकूण व्याज सुमारे १६,१६० रुपये. सपाट दराने ते ३०,००० झाले. हा सपाट १० टक्के घटत्या शिलकेच्या हिशेबाने जवळजवळ १८ टक्के आहे. त्यात २ टक्के ‘प्रक्रिया शुल्क’ आधीच कापून ९८ हजारच हाती ठेवले, तर खरा दर १९ टक्क्यांच्या पुढे जातो. दोन-चार वर्षांच्या मासिक हप्त्यांच्या कर्जात सपाट दर पावणेदोन ते पावणेदोनाहून किंचित अधिक पटीने वाढवून पाहावा. खऱ्या दराचा अंदाज तोंडी येतो. ‘शून्य टक्के’ योजनांचे रहस्यही येथेच आहे. व्याज कोठे तरी असतेच. ते शुल्कात असते किंवा रोखीने घेणाऱ्यास मिळणारी सूट नाकारण्यात असते. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना अशा शून्य टक्के योजनांबाबत स्पष्ट शब्दांत हटकले, ते यासाठीच.

कर्जदाराच्या बाजूने एक चांगली गोष्ट घडली आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या किरकोळ आणि लघुउद्योगांच्या नव्या मुदत कर्जांसाठी बँका व वित्तसंस्थांना ‘मुख्य तथ्य विवरण’ देणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले आहे. त्यात व्याज आणि शुल्क मिळून येणारा एकत्रित वार्षिक दर नमूद करावा लागतो. कर्जदाराला समजेल अशा भाषेत ते असावे, अशीही अपेक्षा आहे. शोरूममध्ये गाडीच्या रंगावर तासभर चर्चा करणाऱ्या कुटुंबाने हा एक कागद मागून घेऊन तो एक आकडा वाचण्यास पाच मिनिटे द्यावीत. दोन ठिकाणच्या कर्जांची तुलना त्या आकड्याखेरीज कशानेही प्रामाणिकपणे होत नाही.

महिला बचत गटांचा उल्लेख येथे आवश्यक आहे. अनेक गटांत सदस्यांना अंतर्गत कर्ज शेकडा दोन रुपये महिना या दराने दिले जाते, म्हणजे वर्षाला २४ टक्के. हा दर ऐकून बाहेरचा माणूस दचकतो. पण हे व्याज कोणा सावकाराच्या तिजोरीत जात नसून गटाच्याच निधीत राहते आणि त्या निधीत कर्जदार भगिनीचाही वाटा असतो. हा भेद मोठा आहे. मात्र व्याज शिल्लक मुद्दलावरच आकारले गेले पाहिजे. १० हजारांपैकी ४ हजार फेडल्यावर पुढील महिन्याचे व्याज १२० रुपये, २०० नव्हे. गटाची वही लिहिणारी भगिनी हे अचूक करीत असेल तर तेथे विश्वास टिकतो. न कळत चूक होत राहिली, तर सर्वांत गरजू भगिनीचे सर्वाधिक नुकसान होते, कारण तीच सर्वाधिक कर्ज घेते.

बाजारातील सवलतींचे गणित तुलनेने सोपे, तरीही मोहक. ‘५० टक्के अधिक २० टक्के सूट’ म्हणजे ७० टक्के नव्हे. १००० ची वस्तू प्रथम ५०० ला येते, आणि पुढील २० टक्के या ५०० वर, म्हणजे १०० रुपये. एकूण सूट ६० टक्के. ‘२० टक्के अधिक माल’ आणि ‘२० टक्के सूट’ याही एक गोष्टी नाहीत. १०० रुपयांत १२० ग्रॅम मिळाले तर सूट पडते १६.६७ टक्क्यांची. वस्तू व सेवाकराचेही तसेच. २२ सप्टेंबर २०२५ पासून केसांचे तेल, साबण, टूथपेस्ट यांवरील कर १८ वरून ५ टक्क्यांवर आला. १३ ने कर घटला, मग किंमत १३ टक्क्यांनी का उतरत नाही, असा प्रश्न दुकानदाराला विचारणाऱ्याने शेकडा कशाचा ते पाहिलेले नसते. कर मूळ किमतीवर असतो. १०० ची वस्तू करासह ११८ ला होती, ती १०५ ला झाली. ११८ वर १३ म्हणजे ११ टक्के. दुकानदाराने ११ टक्के उतरविली असेल तर तो प्रामाणिक आहे. त्याहून कमी उतरविली असेल, तर विचारणा अवश्य करावी.

चढउताराच्या गणितात मनाची फसगत अधिक होते. २० टक्के घसरण आणि मागोमाग २० टक्के वाढ झाली म्हणजे पूर्ववत झाले असे वाटते. प्रत्यक्षात १०० चे ८० होतात आणि ८० वर २० टक्के वाढ होऊन ९६. जानेवारी २००८ मध्ये मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक सुमारे २०,९०० वर बंद झाला होता, तो मार्च २००९ मध्ये ८,२०० च्या आसपास आला. ही घसरण ६१ टक्क्यांची. ती भरून काढण्यासाठी ६१ नव्हे, १५५ टक्के वाढ आवश्यक होती. निवृत्तीच्या पैशाचा मोठा हिस्सा कोणाच्या तरी शब्दावर बाजारात लावणाऱ्याने हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून पाहावेत.

सोन्याचीही गोष्ट निराळी नाही. दागिन्यावरील ९१६ हा आकडा म्हणजे ९१.६ टक्के शुद्ध सोने, २४ पैकी २२ भाग. १८ कॅरटच्या दागिन्यावर ७५० असते. १०० रुपयांच्या सोन्यावर १० टक्के घडणावळ आणि एकूण रकमेवर ३ टक्के कर धरला, तर दागिना ११३ रुपये ३० पैशांस पडतो. मोडताना घडणावळ आणि कर परत मिळत नाहीत, घट धरली जाते ती वेगळीच. म्हणजे सोन्याचा भाव १३ टक्क्यांहून अधिक चढेपर्यंत ती ‘गुंतवणूक’ तोट्यातच असते. लेकीसुनेच्या अंगावर शोभणाऱ्या दागिन्याला अर्थातच निराळे मोल आहे. ते टक्क्यांत मोजण्याचे कारण नाही. पण दागिना आणि गुंतवणूक यांचा हिशेब एकाच ओळीत मांडू नये.

वृत्तपत्र वाचताना एक बारकावा ध्यानात ठेवावा लागतो. दर ६.५० वरून ६.२५ झाला, तर ती ‘पाव टक्का’ कपात असते. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर असाच कमी केला आणि जूनपर्यंत तो ५.५० वर आणला. एक टक्का उतरला, असे सर्वांनी म्हटले. परंतु साडेसहावर एक म्हणजे त्या दराची १५ टक्क्यांहून अधिक घट. पहिला आकडा दोन टक्केवारींतील अंतर सांगतो, दुसरा त्या अंतराचे मूळ दराशी प्रमाण. दोन्ही खरे असतात आणि वक्ता आपल्या सोयीचा निवडतो. देशाची साक्षरता २००१ मध्ये सुमारे ६५ टक्के होती, ती २०११ मध्ये सुमारे ७३ झाली. वाढ ८ अंकांची म्हणावी की १२ टक्क्यांची? मांडणाऱ्याने कोणती निवडली, यावरून त्याचा हेतू पुष्कळदा कळतो. एखाद्या औषधाने धोका ‘निम्म्यावर’ येतो असे सांगितले गेले, तेव्हाही तो शंभरात ५० वरून २५ वर आला की दोनावरून एकावर, हे विचारलेच पाहिजे. आणि ‘अर्धाच टक्का’ म्हणून हसण्यावारी नेऊ नये. २५ लाखांच्या २० वर्षांच्या गृहकर्जाचा हप्ता ९ टक्क्यांनी सुमारे २२,४९३ रुपये, साडेआठ टक्क्यांनी सुमारे २१,६९६. दरमहा ८०० रुपयांच्या आतलाच फरक, परंतु पूर्ण मुदतीत तो १ लाख ९० हजारांच्या वर जातो.

महागाईचा दर उतरला म्हणजे वस्तू स्वस्त झाल्या, हा असाच रूढ गैरसमज. दर ६ वरून ४ वर आला तर किमती वाढतच असतात, केवळ वाढण्याचा वेग मंदावलेला असतो. ७२ ला दराने भागले की दुप्पट होण्याचा काळ मिळतो, हा ढोबळ नियम कामाचा आहे. ६ टक्के महागाईत घरखर्च १२ वर्षांत दुप्पट होतो. ६० व्या वर्षी निवृत्त झालेल्या दांपत्याला ७२ व्या वर्षी तोच वाणसामान, तीच औषधे, दुप्पट रकमेत घ्यावी लागतील. ठेवीवर ७ टक्के मिळतात आणि व्याज दरमहा खर्चून टाकले जाते, तेव्हा मुद्दल कागदावर तेवढेच राहते आणि बाजारात निम्मे होते.

ज्यांच्या घरी दहावी-बारावीची मुले आहेत, त्यांच्यासाठी आणखी एक. राज्याच्या सीईटीत आणि जेईई मुख्य परीक्षेत २०१९ पासून पर्सेंटाइल दिले जातात. ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के गुण नव्हेत. शंभरातील सुमारे ९० परीक्षार्थी आपल्या बरोबरीचे किंवा मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. १ लाख मुले बसली असतील तर ९० पर्सेंटाइलच्या पुढे सुमारे १० हजार असतात, ९९ च्या पुढे सुमारे एक हजार. शेजारच्या मुलाचे शालान्त परीक्षेतील ९२ टक्के आणि आपल्या मुलीचे ९२ पर्सेंटाइल यांची तुलना करून त्या मुलीला बोल लावणे, हा गणिताचा आणि मुलीचा, दोहोंचा अवमान आहे.

राहता राहिली तोंडी हिशेबाची रीत. त्यासाठी यंत्राची गरज नाही. दहा टक्के म्हणजे एक शून्य खोडणे, एक टक्का म्हणजे दोन. २,४०० चे १५ टक्के हवे असतील तर २४० आणि त्याचे निम्मे १२०, मिळून ३६०. अठरा टक्के हवे असतील तर वीस टक्क्यांच्या ४८० मधून दोन टक्क्यांचे ४८ वजा, ४३२. टक्केवारी उलटी करता येते, हे तर मुलांना जादूसारखे वाटते. २५ चे १६ टक्के काढताना अडखळणाऱ्याला १६ चे २५ टक्के, म्हणजे १६ चा पाव, लगेच सांगता येतो. उत्तर दोन्हींचे ४. पावकी पाठ असलेल्या आजीला ते उत्तर द्यायला मुळीच वेळ लागत नसे, आणि तिच्यापुढे वाण्याची वही उघडी असे.